नाव, अर्थ आणि संकेत : मुनिया व सुगरण यांची शास्त्रीय नावे

इनामगावसारख्या गावाच्या शिवारात ज्वारी-बाजरीची कणसे भरू लागली की मुनिया आणि सुगरण हे पक्षी दाणे टिपायला येतात. त्यांची शास्त्रीय नावे भाषेच्या अभ्यासकास उद्बोधक आहेत.

लाल मुनियाचे नाव 'अमंदावा अमंदावा'. हा 'अहमदाबाद' या नगरनामाचा युरोपीय उच्चारांतून झालेला अपभ्रंश होय. तेथून हे पक्षी पिंजऱ्यांतून परदेशी जात. लिनिअसने १७५८ मध्ये हा अपभ्रंश लॅटिन नामावलीत स्थिर केला.

ठिपकेदार मुनिया म्हणजे 'लाँच्युरा पंक्च्युलाटा'. ग्रीक भाषेत 'लाँखे' म्हणजे भाला व 'उरा' म्हणजे शेपटी. लॅटिन 'पंक्च्युलाटा' म्हणजे बारीक ठिपक्यांची. यांतील 'लाँच्युरा' हे प्रजातिनाम दख्खनच्या पक्ष्यांची सूची करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये योजले.

सुगरणीचे नाव 'प्लोसिअस फिलिपिनस'. 'प्लोसिअस' म्हणजे विणकर. हे वर्णन यथार्थ आहे. 'फिलिपिनस' मात्र अयथार्थ, कारण हा पक्षी मूळचा फिलिपिन्सचा नाही. तरीही नाव बदलत नाही. नामकरणाच्या नियमांनुसार आधीच्या नावास अग्रक्रम मिळतो.

आता मराठी नाव तपासू. 'सुगरण' हा शब्द स्त्रीलिंगी. प्रत्यक्षात घरटे विणतो तो नर! तरी दोन्ही नावांनी पक्षी अचूक ओळखला जातो. तात्पर्य, व्युत्पत्ती नावाचा इतिहास सांगते. त्याचा व्यवहार मात्र समाजमान्य संकेतावर चालतो.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एका पक्ष्याच्या नावाचे असेच विश्लेषण करा.