कापडी दिसते, पण कापडी नाही

मिठाईच्या किंवा साडीच्या दुकानातून मिळालेली ती लाल-हिरवी, जाळीदार ठिपक्यांची पिशवी काढा. तिचा एक बारीक तुकडा जपून पेटत्या काडीजवळ न्या. सुती धागा जळून राख होतो. हा वितळून आक्रसतो आणि कडक मणी बनतो. कारण ही ‘नॉन-वोव्हन’ पिशवी पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे चक्क प्लॅस्टिकची असते! उन्हात पडली की तिचे तंतू सुटतात आणि मातीत मिसळतात.

२६ जुलै २००५च्या पुरात प्लॅस्टिकनं तुंबलेली गटारं मुंबईनं पाहिली. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली आणि तिच्या आडून ही पिशवी ‘कापडी’ म्हणून घराघरांत शिरली. कागदी कपाचंही तेच: आतून पॉलिथिनचा पातळ थर नसता तर चहा झिरपला असता.

मग सुती पिशवी? हो, पण डझनभर जमवू नका. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेनं २०१८ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, साध्या प्लॅस्टिक पिशवीच्या तुलनेत फक्त हवामानावरचा भार फेडायलाच सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरावी लागते. शिवाय कापूस पाणीही पितो ना! म्हणून जुन्या साडीची किंवा चादरीची शिवलेली पिशवी मला सर्वांत आवडते. तिच्यासाठी नवा कापूस लागत नाही.

‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी कुंडीत पुरून वाट पाहू नका. बहुतेकींना औद्योगिक खतप्रकल्पाची उष्णता लागते. पळसाच्या पत्रावळीला असलं काही लागत नाही. ती गायसुद्धा खाते.