वाटेत बिघडणारं चित्र

टीव्हीवर मुंग्या आल्या की घरातलं कुणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचं आणि खालून ओरडून सांगावं लागायचं, "आलं, आलं... गेलं!" दूरदर्शनच्या त्या दिवसांत चित्र खराब का येतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. प्रक्षेपण केंद्र दूर आणि मध्ये डोंगर, इमारती. पण त्या काळातला घरगुती संगणक टीव्हीला जोडला, तर तो हातभर अंतरावर असूनही पडद्यावर मुंग्या यायच्या, अक्षरांच्या कडा विरघळायच्या आणि लाल रंग शेजारच्या जागेत ओघळायचा. हातभर वायरीत एवढं काय बिघडत होतं? आणि आज जुने संगणक जपणारी मंडळी दोन तारांची जागा बदलून तेच चित्र लख्ख कसं करतात?

याचं उत्तर समजून घ्यायला झेडएक्स स्पेक्ट्रम हा उत्तम नमुना आहे. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने तो २३ एप्रिल १९८२ रोजी बाजारात आणला. रबरी बटणांच्या या छोट्या संगणकाची किंमत १६ केबी मेमरीसह १२५ पौंड होती. भारतातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून परवान्याने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकला. एवढ्या स्वस्त संगणकाबरोबर मॉनिटर देणं शक्यच नव्हतं. घरातला टीव्ही हाच त्याचा पडदा, आणि त्या काळच्या बहुतेक टीव्हींना आत शिरायची वाट एकच होती, ती म्हणजे अँटेनाची.

पोटातलं प्रक्षेपण केंद्र

स्पेक्ट्रमचं चित्र २५६ आडवे आणि १९२ उभे अशा ठिपक्यांचं असतं. मेमरीतल्या फक्त ६,९१२ बाइटमध्ये ते मावतं. ठिपक्यांसाठी ६,१४४ आणि रंगांसाठी ७६८. फेरांटी कंपनीने बनवलेली 'यूएलए' ही चिप सेकंदाला ५० वेळा ही मेमरी वाचते आणि तीन तारांवर तीन संकेत सोडते. एक उजेडाचा, म्हणजे कुठे किती प्रकाश हवा ते सांगणारा, आणि दोन रंगांचे. या टप्प्यावर चित्र अगदी नीटनेटकं असतं.

त्याचा प्रवास खडतर होतो तो इथून पुढे. एलएम१८८९ नावाची दुसरी चिप रंगांचे दोन संकेत ४.४३ मेगाहर्ट्झच्या एका लहरीवर चढवते. मग रंग आणि उजेड एकाच तारेत मिसळले जातात. या मिश्रणाला कॉम्पोझिट व्हिडिओ म्हणतात. शेवटी हे मिश्रण एका चकचकीत पत्र्याच्या डबीत शिरतं. ही डबी म्हणजे मॉड्युलेटर, संगणकाच्या पोटातलं चिमुकलं प्रक्षेपण केंद्रच. ती हे चित्र ५९१ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरीवर बसवते आणि टीव्हीचा ट्यूनर ३६ क्रमांकाच्या चॅनेलवर ते पकडून पुन्हा उतरवतो. संगणक टीव्हीशेजारी असूनही त्याचं चित्र दूरच्या केंद्रावरून यावं तसं येत होतं, ते यामुळे. बाहेरच्या लहरींचा त्रास, ट्यूनर किंचित सरकला की येणाऱ्या मुंग्या, बारकावे गिळणारे फिल्टर, हे सगळं त्याच्याही वाट्याला यायचं.

तेव्हा या प्रवासाला पर्याय नव्हता. पुढे टीव्हीला व्हिडिओची वेगळी खाच आली आणि हा शेवटचा टप्पा अनावश्यक झाला. शिवाय ब्रिटनमध्ये २०१२ साली अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं. नव्या टीव्हींमधून जुन्या लहरी पकडणारा ट्यूनरही हळूहळू नाहीसा होतो आहे. म्हणजे डबीतून निघणारं चित्र समजून घेणारं समोर कमीच उरतं आहे.

दोन तारा, एक कपॅसिटर

आता प्रत्यक्ष बदल पाहू. स्पेक्ट्रमच्या तळाचे पाच स्क्रू काढले की वरचं झाकण सुटतं, पण ते झटक्यात उचलायचं नसतं. कीबोर्डच्या दोन पातळ प्लास्टिकच्या पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात. त्या वयोमानाने कडक झालेल्या असतात आणि एका हिसक्यात तडकतात. त्या हलक्या हाताने ओढून सोडवल्या की कोपऱ्यात ती पत्र्याची डबी दिसते. तिचं झाकण नखाने उचकटता येतं.

बोर्डावरून डबीत दोन तारा शिरतात. एकीतून ५ व्होल्टचा वीजपुरवठा येतो आणि दुसरीतून तयार कॉम्पोझिट चित्र. बाहेर टीव्हीची केबल लावायच्या गोल खाचेचा मधला भाग डबीच्या आत एका बारक्या रेझिस्टरला जोडलेला असतो. बदल करताना तो रेझिस्टर सोडवायचा, ५ व्होल्टची तार काढून तिचं टोक टेपने झाकायचं आणि चित्राची तार थेट खाचेच्या मधल्या भागाला सोल्डर करायची. डबी जागेवरच राहते, पण तिचं काम संपतं.

या तारेत बहुतेक जण १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर बसवतात. चित्राच्या चढउतारांखाली एक स्थिर व्होल्टेज बसलेलं असतं आणि टीव्हीला ते नको असतं. कपॅसिटर हलते संकेत जाऊ देतो, स्थिर व्होल्टेज अडवतो. काटेकोर माणसं त्याच्या जोडीला एक ट्रान्झिस्टरही लावतात. टीव्हीची खाच ७५ ओहमचा भार टाकते आणि स्पेक्ट्रमचं मूळ सर्किट एवढा भार उचलण्यासाठी आखलेलं नव्हतं. ट्रान्झिस्टर मध्ये उभा राहून तो भार स्वतःवर घेतो, त्यामुळे चित्र फिकं पडत नाही.

दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. स्पेक्ट्रमच्या ९ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये पिनचा मधला भाग ऋण असतो. आजच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरच्या हे अगदी उलट. चुकीचा अ‍ॅडॉप्टर लावला तर यंत्र जळू शकतं. आणि पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही कधीही उघडू नये. त्यात हजारो व्होल्ट खेळतात आणि बंद केल्यावरही बराच वेळ टिकून राहतात. या बदलासाठी टीव्हीला हात लावायची गरजच नाही.

दुधात मिसळलेली साखर

एवढं केलं की मुंग्या जातात आणि अक्षरं स्थिर होतात. तरीही जवळून पाहिलं तर रंगाच्या कडेने बारीक ठिपके सरपटताना दिसतात. बारीक उभ्या रेघांवर नसलेलं इंद्रधनुष्य उमटतं. हा दोष कॉम्पोझिटचा. दुधात साखर मिसळणं सोपं असतं, ती परत वेगळी काढणं कठीण.

आकडे पाहिले की कारण कळतं. स्पेक्ट्रम सेकंदाला ७० लाख ठिपके काढण्याच्या वेगाने रेघ आखतो. एक ठिपका काळा, एक पांढरा अशी नक्षी असेल तर उजेडाचा संकेत ३.५ मेगाहर्ट्झने वरखाली होतो. रंगाची लहर ४.४३ मेगाहर्ट्झची, आणि रंगाची माहिती तिच्या दोन्ही बाजूंना एक मेगाहर्ट्झहून अधिक पसरलेली. टीव्हीला ३.५ मेगाहर्ट्झचा संकेत मिळतो, तेव्हा ही काळी-पांढरी नक्षी आहे की रंग आहे, हे त्याला सांगता येत नाही. तो रंग समजतो.

रंगीत टीव्हीच्या पाल पद्धतीच्या आखणीत यावर एक तोड होती. रंगाच्या लहरीची वारंवारता रेघांच्या गतीशी ठरावीक प्रमाणात बांधलेली असते, त्यामुळे हे ठिपके एकमेकांना झाकतात आणि डोळ्याला फारसे खुपत नाहीत. स्पेक्ट्रममध्ये मात्र ठिपक्यांसाठी १४ मेगाहर्ट्झचा एक स्फटिक आणि रंगासाठी ४.४३ मेगाहर्ट्झचा दुसरा. दोघं आपापल्या तालात चालतात. त्यांचा मेळ नसतो, म्हणून ठिपके पडद्यावर सरपटत राहतात.

मग उपाय एकच, मिसळण्याच्याही आधी चित्र पकडायचं. कमोडोर ६४ या समकालीन संगणकाच्या व्हिडिओ खाचेत उजेड आणि रंग वेगवेगळ्या पिनांवर मिळतात. तिथे योग्य केबल केली तरी फरक दिसतो. स्पेक्ट्रममध्ये यूएलएचे तीन संकेत मागच्या कनेक्टरपर्यंत आणलेले आहेत. ते घेऊन छोट्या सर्किटने त्यांचे लाल, हिरवा, निळा असे तीन स्वतंत्र संकेत करता येतात. बीबीसी मायक्रो या संगणकाला ही लाल-हिरवा-निळ्याची वाट कारखान्यातूनच दिलेली होती. १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पात भारतीय शाळांमध्ये आला तो हाच संगणक.

या साऱ्या बदलांचं सूत्र एकच आहे. प्रत्येक पायरीवर आपण वाटेतला एक टप्पा काढून टाकतो आणि चित्र आणखी स्वच्छ होतं. यंत्राला नवीन काही शिकवावं लागत नाही.

दोष कुठला, स्वभाव कुठला

वाट कितीही सुधारली तरी एक गोष्ट बदलत नाही. आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकोनात स्पेक्ट्रम दोनच रंग दाखवू शकतो. खेळातला पिवळा माणूस हिरव्या झाडासमोरून गेला की झाडाचा तुकडा त्याच्याबरोबर पिवळा होतो. मेमरी वाचवण्यासाठी केलेल्या आखणीचा हा परिणाम. स्वच्छ चित्रात तो उलट अधिक ठळक दिसतो, आणि दिसायलाच हवा. ते यंत्राचं स्वतःचं वळण आहे.

त्याच आखणीत एक सुंदर विचारही आहे. स्पेक्ट्रमच्या रंगांचे क्रमांक ० ते ७ असे आहेत: काळा, निळा, लाल, जांभळट गुलाबी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. हा क्रम उजेडाचा आहे. लाल, हिरवा, निळा या तीन मूळ रंगांत आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो, लाल त्याहून कमी आणि निळा सर्वांत मंद. त्यामुळे काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर हे आठ रंग ओळीने गडद ते फिकट अशा राखाडी छटा होऊन उतरतात. ज्याच्या घरी रंगीत टीव्ही नाही, त्यालाही आठ वेगळ्या छटा मिळाव्यात, ही सोय क्रमांकातच आहे.

म्हणून असे बदल करताना जाणकार एक पथ्य पाळतात. मूळ काहीही कापून फेकायचं नाही. सोडवलेला रेझिस्टर छोट्या पिशवीत घालून जपायचा, पेटीला नवं भोक पाडायचं नाही. उद्या कुणाला १९८२ साली चित्र नेमकं कसं दिसायचं ते पाहायचं असेल, तर अर्ध्या तासात यंत्र पूर्ववत करता आलं पाहिजे.

झाकण लावून, केबल जोडून वीज सुरू केली की क्षणभर पडदा काळा होतो, मग फिकट राखाडी. खाली डाव्या कोपऱ्यात काळ्या अक्षरांत एक ओळ उमटते: © १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. त्या © च्या गोलातला बारीकसा 'सी' आता ठिपका ठिपका मोजता येतो. हा गोल यूएलएने पहिल्या दिवसापासून असाच रेखला होता, तो आपल्यापर्यंत पोचत नव्हता इतकंच.