नदीचे खारे पाणी व शेतकऱ्याचा दाखला

नदीच्या वरच्या अंगास कारखाने उभे राहिले म्हणजे खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांस प्रथम पाण्याचा रंग बदललेला दिसतो, आणि पुढे एखादे दिवशी मेलेले मासे तरंगू लागतात. त्यावर ओरड होते. काही दिवसांनी पाणी निवळते आणि ओरडही शमते. परंतु जमिनीचे कायमचे नुकसान करणारा पदार्थ बहुधा रंगावरून ओळखू येत नाही आणि वासावरूनही कळत नाही. तो पदार्थ म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. त्यांचा विचार शेतकरी बंधूंनी वेळीच करावा, एवढ्याकरिता हा लेख आहे.

या बाबतीत तमिळनाडूतील नोय्यल नदीची हकीकत फार बोधप्रद आहे. ही नदी वेल्लिंगिरी डोंगरात उगम पावून कोइंबतूर व तिरुप्पूर या शहरांवरून वाहत जाते आणि कावेरीस मिळते. तिरुप्पूर हे होजिअरीच्या सुती कपड्याचे मोठे ठिकाण असून तेथे कापड रंगविण्याचे शेकडो कारखाने झाले. सुती कापडावर रंग नीट चढावा म्हणून रंगाच्या पाण्यात साधे मीठ अथवा सोडियम सल्फेट घालावे लागते. हे क्षार रंगास कापडाकडे लोटतात, पण स्वतः कापडात राहत नाहीत. सबब जेवढे घातले तेवढे सांडपाण्यावाटे नदीत जाते.

तिरुप्पूरच्या खालच्या अंगास ओरत्तुपाळयम येथे शेतीच्या पाण्यासाठी १९९२ साली धरण पुरे झाले. काही वर्षांतच त्यातील पाणी इतके खारावले की, ज्या शेतकऱ्यांकरिता धरण बांधले तेच शेतकरी ‘हे पाणी आमच्या शेतात सोडू नका’ असे म्हणू लागले. लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांच्या संघाने न्यायालयात दाद मागितली. मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये निर्णय दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो २००९ साली कायम केला, आणि तरीही पालन होत नाही असे दिसल्यावर २८ जानेवारी २०११ रोजी उच्च न्यायालयाने तेथील रंगशाळा बंद करण्याचा हुकूम दिला. सांडपाण्याचा एक थेंबही नदीत न सोडणे, ही पुढे चालू होण्याची अट ठरली.

येथे कोणी विचारील की, कारखान्यांस शुद्धीकरण केंद्रे होती ना? होती; पण साध्या केंद्रात गाळ खाली बसतो, सूक्ष्म जंतू सेंद्रिय घाण खातात आणि रंग कमी होतो. विरघळलेले क्षार मात्र जसेच्या तसे पार होतात. साखरेचे पाणी फडक्यातून गाळले म्हणून ते अगोड होत नाही, तसाच हा प्रकार आहे. क्षार वेगळे काढण्यास सूक्ष्म पडद्यांतून दाबाने पाणी गाळणे व उरलेले पाणी आटविणे, हे खर्चाचे उपाय योजावे लागतात. तेव्हा पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते पिकास योग्य आहे, असे समजू नये.

आता हिशेब पाहू. एक एकरास सुमारे २ इंचांची पाळी दिली म्हणजे अजमासे २ लाख लिटर पाणी लागते. त्या पाण्यात लिटरला २ ग्रॅम क्षार असतील, तर एका पाळीत ४०० किलो, म्हणजे ४ क्विंटल क्षार शेतात पडतात. दहा पाळ्यांचे ४० क्विंटल झाले. पीक पाणी पिते, उन्हाने पाणी उडते. क्षार बहुतेक सारे मागे राहतात. त्यात सोडियम अधिक असेल तर काळ्या जमिनीतील चिकण कण सुटे होतात, पाणी मुरेनासे होते आणि जमीन चोपण बनते.

पाणी तपासून आणल्यावर अहवालात विद्युतवाहकतेचा आकडा पाहावा. तो ०.७ च्या आत असल्यास क्षारांची भीती नाही, ०.७ ते ३ पर्यंत जपून वापरावे. ३ च्या वर गेल्यास बहुतेक पिकांस ते धोक्याचे होय. सोडियमचे प्रमाणही त्याच वेळी पाहावे. घेवडा व ऊस ही पिके खाऱ्यास लवकर दबतात. ज्वारी, गहू व कापूस पुष्कळ सोसतात. परंतु सोसणारे पीक घेणे म्हणजे रोग बरा करणे नव्हे. जिप्सम घातल्याने सोडियम सुटतो खरा, पण सुटलेला सोडियम धुऊन काढण्यास गोडे पाणी व निचऱ्याचे चर लागतात. गोडे पाणीच गमावले असेल तर जिप्समचा खर्च वाया जातो.

आपल्याकडे पंचगंगेच्या काठी इचलकरंजीस कापडाचा धंदा मोठा आहे आणि त्या नदीच्या दूषित पाण्याची तक्रार जुनी आहे. तथापि प्रत्येक खारवट जमिनीचे खापर कारखान्यावर फोडणे न्यायाचे नाही. कालव्याचे व उपशाचे पाणी बेसुमार देऊन आपणही पुष्कळ जमिनी बिघडविल्या आहेत. यातील खरे-खोटे कळण्यास एकच मार्ग आहे. कारखान्यांच्या वर, त्यांच्या खाली आणि आपल्या विहिरीत, अशा तीन ठिकाणांचे नमुने पावसाळ्याअखेर व भर उन्हाळ्यात घ्यावे. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, विहिरीचा पंप काही वेळ चालवून मग पाणी भरावे, आणि तारीख, वेळ व गट नंबर लिहून दोघा-तिघांच्या सह्या घ्याव्या. दहा खातेदारांनी मिळून हे केल्यास खर्च जाणवत नाही.

हे आम्ही इतक्या आग्रहाने का सांगतो, तेही सांगितले पाहिजे. आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली. पीकपाहणीचे गोषवारे जुळविताना एका गावच्या नदीकाठचे काही गट आमच्या नजरेखालून वर्षानुवर्षे गेले. त्यांच्यासमोर प्रथम ऊस होता, पुढे ज्वारी आली, आणि शेवटी ‘पड’. आम्ही बेरजा चोख केल्या, ‘पड का?’ असे एकदाही विचारले नाही. शेतकऱ्यांनीही कळविले नाही. पुढे ते भरपाईची गोष्ट काढू लागले तेव्हा पाणी कोणत्या साली बिघडले हे कोणासच सांगता येईना. कागद होता, पण त्यावर कारण नव्हते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यान्वये भरपाईचा अर्ज कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. पुरेसे कारण दाखविल्यास आणखी साठ दिवस मिळू शकतात. म्हणून पहिली तारीख हाच शेतकऱ्याचा मुख्य आधार होय. २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणीने पिकाची नोंद छायाचित्रासह शेतकऱ्याच्याच हाती आली आहे. ती दर हंगामास न चुकता करावी, आणि तिच्याजोडीस पाण्याचे अहवाल एका वहीत लावून ठेवावे.

नदी सर्वांची असते, म्हणून तिचा हिशेब कोणीच ठेवत नाही. जी सवय आम्हांस कचेरीत बसून लागली नाही ती आमच्या वाचकांनी बांधावर लावून घ्यावी. पाणी अद्याप गोडे आहे अशा गावांनी तर पहिला नमुना याच वर्षी घ्यावा. कारण पाणी बिघडल्यावर ते पूर्वी गोडे होते, हे सिद्ध करण्यास दुसरा साक्षीदार मिळणार नाही.