मेट्रोचा डबा आणि प्रवाशाची पेटी

२०१९ सालीं खापरीहून सीताबर्डीपर्यंत नागपूर मेट्रो सुरू झाली. आज तेथें दोन मार्ग एकमेकांस छेदितात. तीन डब्यांच्या या गाडींत आसनें भिंतीलगत आहेत. मुंबईच्या लोकलांत आडवीं बांकें व वर सामानाची फळी असते, कारण तेथील प्रवास लांबचा. भिंतीलगत बसणारे कमी. परंतु उभे राहणारे अधिक मावतात आणि चढउतार लवकर होते. मात्र रेल्वे स्थानकावरून विमानतळाकडे निघालेल्या प्रवाशाची पेटी हीच मोकळी जागा अडविते. शिवाय सीताबर्डीस गाडी बदलतांना ती पुन्हां उचलावी लागते. म्हणून दारापासून दूर सामानास ठराविक जागा राखावी. तीपायीं दोन आसनें गेलीं, तरी काठी टेकीत येणाऱ्या वृद्धास दार मोकळें मिळेल.