मूर्तिजापूरवरून जाणारा कोळसा

मूर्तिजापूरकरांना कोळसा नवा नाही. इथून यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली. आज मोठ्या लाइनवरून चंद्रपूर-वणीकडच्या खाणींतला कोळसा वर्धा, बडनेरामार्गे येतो आणि न थांबता पुढे जातो. कधी भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राला, कधी अकोल्यापलीकडच्या पारसच्या.

पारसला महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. एक २००८ चा, दुसरा २०१० चा. दोन्ही दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले, तर १ कोटी २० लाख युनिट वीज होते. एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरा. म्हणजे दिवसाला आठ हजार टनांवर, दोन भरलेल्या मालगाड्या. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा तरी राखच असते. तिची वीट होते, ती सिमेंटात जाते. उरलेली तळ्यात साठते आणि उन्हाळ्यात तळे सुकले की वाऱ्यावर उडते. शिवाय दर युनिटमागे जवळपास किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. विजेच्या बिलात यातले काहीच दिसत नाही.

तरी संच बंद करा, असे वऱ्हाडात मे महिन्यात कोण म्हणेल? पारा ४५ च्या पुढे गेला की कूलरही अपुरा पडतो, आणि ज्याला परवडते तो एसी घेतो. ३० मे २०२४ ला देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली. देशातली जवळपास तीन-चतुर्थांश वीज अजून कोळशाचीच आहे. दुपारी सौरऊर्जा हातभार लावते. रात्री उकाडा तसाच राहतो आणि भार पुन्हा औष्णिक संचांवर येतो.

म्हणूनच शेतीपंपांना सौरऊर्जेवर दिवसा वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला सर्वांत मोलाची वाटते. वीज रात्री येते म्हणून साप-रानडुकरांच्या भीतीत हरभऱ्याला पाणी देणारा शेतकरी त्यातून सुटतो, आणि तेवढा कोळसाही वाचतो.

प्रदूषणाच्या बाबतीत मात्र आपण मागे सरकलो. गंधकाचा धूर रोखण्याचे निकष २०१५ ला आले, मुदती वाढत गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यासाठीची यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. निदान चिमणीतून काय बाहेर पडते आणि राख कुठे गेली, याचा रोजचा आकडा पारसच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागलाच पाहिजे.