केसपेपरवर न उमटणारा आजार

तुमसर-बपेरा रस्त्यावरचे सिहोरा हे भंडारा जिल्ह्याच्या टोकाकडचे गाव. पुढे नदी ओलांडली की मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा लागतो. आजूबाजूला धानाची शेती, तुमसर तालुक्यातच डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीज खाणी, माल भरून धावणारे ट्रक आणि हंगाम सरला की कामाच्या शोधात बाहेर पडणारी माणसे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम ट्रकचालक आणि स्थलांतरित मजुरांना ‘सेतू गट’ मानतो, कारण संसर्ग एका वस्तीतून दुसरीकडे जाण्याची एक वाट त्यांच्यातून जाते. या वाटेच्या गावाकडच्या टोकाला एड्सतज्ज्ञ बसलेला नसतो. तिथे असतात प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्यसेविका आणि आशाताई.

देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. औषधांची उणीव हे आता यातले मुख्य दुखणे उरलेले नाही. सरकारी केंद्रांत एचआयव्हीवरची एआरटी औषधे २००४ पासून मोफत मिळू लागली. २०१७ पासून तर निदान होताच, प्रतिकारशक्ती कितीही असो, उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. गाडी अडते ती उपचाराच्या अलीकडे. रुग्ण बोलत नाही, आणि डॉक्टर विचारत नाही.

लिंगसांसर्गिक आजारांचे उदाहरण घ्या. प्रयोगशाळा नसलेल्या दवाखान्यातही उपचार व्हावेत म्हणून एड्स नियंत्रण कार्यक्रमाने लक्षणांनुसार रंगीत औषधसंच तयार केले. राखाडी, हिरवा, पांढरा, निळा, लाल, पिवळा आणि काळा असे हे सात संच. मूत्रमार्गातून किंवा गर्भाशयमुखातून स्राव असेल तर राखाडी, अंगावरून पांढरे जात असेल तर हिरवा, जखम असेल तर पांढरा. योजना सोपी आहे, पण लक्षण सांगितले गेले तरच ती चालते. ‘कंबर दुखते’, ‘लघवीला जळजळ होते’, ‘अशक्तपणा आहे’ एवढेच केसपेपरवर आले, तर संच कपाटातच राहतो आणि रुग्ण कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन घरी जातो. नाही तर भिंतीवर रंगवलेल्या ‘गुप्तरोग’वाल्याचा नंबर फिरवतो.

हे मौन किती खोल असते, ते विदर्भानेच जगाला दाखवून दिले आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग वा लैंगिक आजार होते, पण त्याआधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. आजार गावात होते, दवाखान्याच्या नोंदीत मात्र नव्हते. ते बाहेर आले, कारण कोणी तरी गावात जाऊन, बायकांचा विश्वास मिळवून विचारले.

विचारायचे कसे, हे शिकवणे हेच गावच्या डॉक्टर-कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे मुख्य काम. वैद्यकीय शिक्षणात लैंगिक इतिहास घेण्याची एक रूढ चौकट आहे. जोडीदार कोण आणि किती, संबंध कोणत्या प्रकारचे, संरक्षण काय वापरले जाते, आधी असा आजार झाला होता का, आणि मूल हवे आहे की नको, असे तिचे पाच विषय. कागदावर ही यादी पाच मिनिटांत पाठ होते. पण सहा माणसे दारात उभी असताना, समोर ओळखीच्या घरातला माणूस बसलेला असताना ते प्रश्न तोंडातून निघत नाहीत. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात व्याख्यान थोडे आणि सराव जास्त असतो. एकाने रुग्ण व्हायचे, दुसऱ्याने डॉक्टर. ‘भाऊ, हे मी सगळ्यांनाच विचारतो, सांगायचे नसेल तर नका सांगू,’ अशी सुरुवात करायची. ‘लग्न झाले का?’ या प्रश्नावर न थांबता ‘संबंध बाईशी येतो, पुरुषाशी की दोघांशी?’ हे त्याच आवाजात विचारायचे. लग्न झालेल्या पुरुषाचे पुरुषाशी संबंध असू शकतात, विधवेला जोडीदार असू शकतो आणि तृतीयपंथी व्यक्ती साधा ताप दाखवायलाही येऊ शकते. हे गृहीत धरणे म्हणजेच सर्वसमावेशक सेवा.

अडचण अशी, की अनेक डॉक्टरांच्या डोक्यात नेमके उलटे शिक्षण बसलेले असते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी ‘कौमार्य चाचणी’ला शास्त्रीय आधार नाही, हे अहवालातून मांडले. त्यानंतर २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाने तोवर शिकवला जाणारा तो भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून वगळला. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून बाहेर काढले. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात समलिंगी स्त्रियांचे संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’च्या यादीत आले. टीका झाल्यावर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो अभ्यासक्रम मागे घ्यावा लागला. पदवी घेताना जे संबंध गुन्हा किंवा विकृती म्हणून शिकवले गेले, त्यांच्याविषयी ओपीडीत सहजपणे विचारायला डॉक्टरला पुन्हा शिकावेच लागते.

गावात आणखी एक भीती असते ती बभ्र्याची. आशाताई शेजारीण असते, औषध देणारा मेव्हण्याचा मित्र निघतो. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. चाचणीआधी माहिती देऊन संमती घेणे त्याने बंधनकारक केले, निदान उघड करण्यावर बंदी घातली आणि उपचार नाकारणे हा भेदभाव ठरवला. कायद्यातली ही कलमे दवाखान्यात साध्या सवयींतून दिसतात. पेपरवर लाल शेरा मारायचा नाही, ‘तो पॉझिटिव्हवाला’ अशी हाक मारायची नाही, दार बंद करून बोलायचे. म्हणूनच प्रशिक्षणाला एकट्या डॉक्टरला पाठवून भागत नाही. केसपेपर काढणारा, रक्त घेणारा, झाडू मारणारा, सगळेच त्यात हवेत.

मग येतो नव्या ज्ञानाचा भाग. धोक्याचा संपर्क झाल्यावर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची प्रतिबंधक औषधे असतात, हे ज्या डॉक्टरला ऐनवेळी आठवत नाही, त्याच्या हातून ती वेळ निसटते. गर्भवतीला वेळेत उपचार मिळाले तर बाळाला लागण होण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली येते. उपचाराविना ती १५ ते ४५ टक्के असते. नियमित औषधांनी रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. या निष्कर्षाकडे नेणाऱ्या ‘एचपीटीएन ०५२’ या नऊ देशांतल्या अभ्यासात पुण्याचाही सहभाग होता. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ मध्ये त्यातून पुढे आले. संसर्गाआधीच घ्यायची औषधेही आता आहेत. वर्षातून दोनदा टोचायच्या लेनाकापाविरची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये केली. उद्या हे इंजेक्शन गावापर्यंत आले, तरी ते कोणाला द्यायचे हे न विचारता कळणार नाही.

एवढे सगळे गावच्या डॉक्टरला जमेल का? याचे उत्तर एका मोजलेल्या प्रयोगात आहे. डॉ. संजीव अरोरा यांनी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत २००३ मध्ये ‘इको’ हा उपक्रम सुरू केला. विद्यापीठातले तज्ज्ञ आणि खेड्यातले डॉक्टर दूरचित्र-संवादातून नियमित भेटत आणि खऱ्या रुग्णांवर चर्चा करत. विषय होता हिपॅटायटिस सीचा. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले, तेव्हा विद्यापीठात ५७.५ टक्के आणि उपक्रमाशी जोडलेल्या केंद्रांत ५८.२ टक्के रुग्णांच्या रक्तातून विषाणू गेलेला होता. एकदाच होणाऱ्या दिवसभराच्या कार्यशाळेपेक्षा अशी सातत्याची सोबत उपयोगी पडते. भंडारा जिल्ह्यातल्या केंद्रांना नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी आठवड्यातून एक तास असे जोडायला मोबाइल आणि इंटरनेटपलीकडे फारसे काही लागत नाही. जिल्हा आरोग्य यंत्रणेने हा तास ड्युटीचा भाग म्हणून धरावा, ‘वेळ मिळाला तर’ या सदरात टाकू नये.

वाचकांसाठी एवढेच: सरकारी केंद्रातली एचआयव्ही चाचणी मोफत आणि गोपनीय असते. दवाखान्यात जाण्याआधी काही विचारायचे असेल, तर राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची १०९७ ही हेल्पलाइन आहे. तिला पैसे पडत नाहीत.