धानातून उरलेले हात

आषाढात पावसाने एकदा बांध्या भरल्या, चिखलणी उरकली आणि पऱ्हे उपटण्याजोगे झाले, की वैनगंगेच्या आसपासच्या कोणत्याही गावात, मग ते मोहाडी तालुक्यातले असो वा लाखांदूरच्या बाजूचे, सकाळी आठानंतर पाऊल टाकणाऱ्या परक्या माणसाला असे वाटावे की हे गाव कसल्याशा संकटाच्या भयाने रातोरात उठून गेले आहे. दारे लोटलेली, चुली विझलेल्या, कोठ्यात जनावर नाही. आणि एखाद्या सपरीत, उभ्या बाजेच्या आडोशाला, नाकाचा शेंडा जमिनीकडे झुकलेली एक म्हातारी दोन लेकरांना समोर घेऊन बसलेली. एक रांगणारे, एक नुकते चालू लागलेले. त्यांची आई तिथून कोसभर दूर, गुडघाभर चिखलात, कमरेत वाकून पाठीमागे सरकत सरकत धान रोवते आहे, आणि ती परतेल तेव्हा दिवेलागण झालेली असेल.

लहान मुलांच्या संगोपनावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. त्यातला बहुतेक उपदेश असे गृहीत धरून चालतो की जगात एक खोली आहे, खोलीत एक आई आहे, आणि तिच्यापुढे दुसरे काही काम नसल्यासारखे एक मूल आहे. भंडारा जिल्ह्यात ही खोली मला क्वचितच दिसली. इथे धान आधी आपल्याला लागणारे हात उचलून घेते, आणि त्यातून जे हात उरतील त्यांच्यावर लेकरू वाढते. ते हात कोणाचे, किती आणि किती शहाणे, यावरच त्या लेकराची पहिली तीन-चार वर्षे कशी जाणार हे ठरते.

धानाची ही सत्ता आजची नाही. कोहळी समाजाच्या पिढ्यांनी पाण्याचा उतार डोळ्यांनी मोजून पाळी घातल्या, तलाव आणि बोड्या बांधल्या. मालगुजारांच्या अमलात त्यांची निगा आणि पाणीवाटपाची तजवीज चालली. आणि १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आल्यावर ते सारे सरकारी दप्तरात गेले, तरी जिल्ह्याला लागलेले ‘तलावांचा जिल्हा’ हे नाव काही पुसले गेले नाही. पाणी असेल तिथे धान, आणि धान असेल तिथे रोवणी, जी आजही बहुतांशी बाईच्या हातानेच होते. जिथे तलावाचे वा कालव्याचे पाणी उन्हाळी धानाला पुरते तिथे तर ती वर्षातून दोनदा येते, एकदा आषाढ-श्रावणात आणि पुन्हा माघाच्या थंडीत. सिंचन वाढले म्हणजे उत्पन्न वाढते हे खरेच. पण त्याबरोबर घरातल्या तान्ह्याची आई आणखी एक महिना बांधीत जाते, हा हिशेब कोणत्याही पाटबंधारे अहवालात मी वाचलेला नाही.

सकाळी निघताना आई सासूला एवढेच म्हणते, ‘माय, लेकराले पाहजा.’ या एका वाक्यात जबाबदारीचा सगळा दस्तऐवज आला. घरात म्हातारी नसेल तर दुसरी वाट म्हणजे लेकराला बरोबर नेणे: धुऱ्यावरच्या मोहाच्या किंवा बाभळीच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधायची, वर छत्री अडकवायची, आणि ओळीच्या टोकाशी आले की वाकल्या वाकल्या तिकडे नजर टाकायची. अंगावर पिणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही वाट वाईट नाही, कारण दूध जवळ असते; पण मुंग्या, सरींचा मारा आणि धुऱ्यातून निघणारे जनावर यांचे भय कोणत्या आईला नसते? तिसरी वाट म्हणजे आठ-दहा वर्षांच्या थोरल्या बहिणीला त्या पंधरवड्यापुरते शाळेतून घरी ठेवणे. कमरेवर भावाला घेऊन, त्या वजनाने एका बाजूला कललेली ती पोर पाहिली की तिचे कौतुक करणाऱ्यांचा मला राग येतो. ‘किती समजूतदार!’ असे म्हणताना आपण एका मुलाच्या संगोपनाची किंमत दुसऱ्या मुलाच्या हजेरीपटातून वसूल करीत आहोत, याचे भान सुटते.

म्हणून पुन्हा म्हातारीकडेच यावे लागते. तिच्या ज्ञानाला सरसकट अडाणीपणा म्हणण्याची एक रीत शिकलेल्या घरांत रूढ झाली आहे, आणि तिच्या प्रत्येक कृतीत प्राचीन शास्त्र पाहण्याची दुसरी. दोन्ही आळसाच्या आहेत. कोमट तेलाने हलक्या हाताने चोळणे, उन्हात थोडा वेळ धरणे, अंगाशी घट्ट बांधून ऊब देणे, आणि लेकराशी अखंड बोलत राहणे, या गोष्टींत तिचा हात धरील अशी दाई दवाखान्यातही मिळणार नाही. लेकराच्या पायातले घुंगरांचे वाळे हा निव्वळ अलंकार नाही, हेही तिच्याकडूनच कळते. तिची नजर मंदावलेली असते, पण कान शाबूत असतात. घुंगरू सपरीत वाजते आहे की अंगण ओलांडून सांदवाडीकडे चालले आहे, हे ती तांदूळ निवडता निवडता ओळखते.

परंतु पहिल्या दिवसाचा पिवळसर चीक पिळून टाकण्याची जी चाल पुष्कळ ठिकाणी होती, ती घातकच होती. कारण रोगापासून बाळाचे रक्षण करणारी द्रव्ये त्या चिकातच दाट भरलेली असतात. तान्ह्याला मध चाटवणे हेही तसेच: वर्षाच्या आतल्या मुलाच्या आतड्यांत मधातल्या एका जंतूचे बीज रुजून विष निर्माण होऊ शकते. डोळ्यांत काजळ भरणे, बंद खोलीत शेगडी आणि धुरी करून बाळंतिणीला व बाळाला कोंडणे, या गोष्टीही म्हातारीने सोडाव्यात हे बरे. सर्वांत अवघड समजूत पाण्याची. वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, कौले तापतात, आणि अशा वेळी पाच महिन्यांच्या पोराला घोटभर पाणीसुद्धा देऊ नका, आईच्या दुधात त्याच्यापुरते पाणी असतेच, असे सांगणारा माणूस तिला निर्दय वाटावा यात नवल नाही. पण ते खरे आहे. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध, आणि उष्टावणानंतर मऊ भात, वरण, त्यावर तेला-तुपाची धार. इथे धानाच्या प्रदेशाची एक खोड सांगायला हवी: पेज हे लेकराचे खाणे म्हणून फार सोयीचे पडते, पोट लगेच भरते, मूल शांत होते, पण पातळ पेजेत पाणीच अधिक. चमच्यातून ओघळणार नाही इतके घट्ट अन्न हवे, ही खूण आजीला एकदा पटली की ती कधी विसरत नाही.

हे तिला कोणी पटवायचे? या प्रश्नाचे उत्तर शेजारच्याच जिल्ह्यात मिळाले, ही या भागाला अभिमानाची गोष्ट आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९३ पासून ३९ गावांत असा प्रयोग केला की गावातल्याच थोड्या शिकलेल्या बाईला नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण द्यायचे आणि तिने घरोघर जाऊन बाळाला तपासायचे, वजन करायचे, ऊब टिकते की नाही पाहायचे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून औषधही द्यायचे. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा निष्कर्ष छापून आला तेव्हा, शेजारच्या तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. आज दवाखान्यातून घरी आलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जी आशाताई येते, तिच्या त्या फेऱ्यांचे मूळ या प्रयोगात आहे. आजीशेजारी बाजेवर बसून, चहाचा कप हाती घेऊन, ‘तुमचं बराबर हाय, पण एवढं एक सोडा’ असे म्हणण्याची जी मुभा तिला आहे, ती डॉक्टरला नाही.

तथापि बेचाळीस दिवसांनंतरचे काय? कायद्याची पुस्तके उघडावीत तर त्यांत आईसाठी तरतूद आहे, केवळ ती धुऱ्यापर्यंत पोहोचत नाही. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली प्रसूतिकालीन लाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला होता, आणि बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे यात साऱ्या राष्ट्राचे हित आहे, अशी त्यांची भूमिका होती. (याच बाबासाहेबांना भंडाऱ्याच्या मतदारांनी १९५४ च्या पोटनिवडणुकीत पराभूत केले, ही या जिल्ह्याच्या इतिहासातली एक न विसरता येणारी नोंद.) पुढे १९६१ चा कायदा आला, २०१७ साली रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली, पन्नास वा त्याहून अधिक नोकर असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे झाले. पण ही सारी मेहेरबानी ‘आस्थापने’वर आहे, आणि दुसऱ्याच्या बांधीत रोजाने रोवणी करणारी बाई कोणत्याच आस्थापनेच्या दप्तरात नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात मात्र एक फार शहाणे कलम होते: कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच वा अधिक मुले असतील तर त्यांच्यातल्याच एकीला मुले सांभाळण्यास नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. तलावाचा गाळ काढणे हे जर काम आहे, तर तलावाच्या पाळीवर दहा पोरे सांभाळणे हेही कामच आहे, असे सरकारने एवढ्या स्पष्ट शब्दांत क्वचितच कबूल केले असेल.

राहिली अंगणवाडी. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ पासून बोर्डीला, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, हा विचार प्रत्यक्षात आणला: मुले शाळेत येत नसतील तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे. देशभर एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि आज सेविका व मदतनीस मिळून वजन, लसीकरणाची आठवण, शिजवलेला आहार आणि गाणी एवढा सगळा कारभार एका खोलीतून चालवतात. परंतु रोज तिथे येऊन बसणारी मुले तीन ते सहा वर्षांची. तीन वर्षांखालच्यांना आहार घरी नेण्यासाठी मिळतो, सांभाळ नाही. शिवाय अंगणवाडी दुपारी सुटते, आणि रोवणी सुटते ती अंधार पडताना. ज्या वयात मूल चालू लागलेले असते पण धोका ओळखत नाही, त्याच वयात त्याच्यावर नजर ठेवणारा माणूस सर्वांत दुर्मीळ असतो.

आणि या जिल्ह्यात धोका दारातच आहे. बोडी, विहीर, पावसाळ्यात भरलेला खड्डा, नुसती अंगणातली उघडी टाकी. दीड वर्षाच्या मुलाला वीतभर पाणीही पुरते, आणि बुडणारे लहान मूल ओरडत नाही, त्यामुळे घुंगरू ऐकणाऱ्या आजीलाही केवळ शांतताच ऐकू येते. आपल्यासारखाच भात पिकवणाऱ्या आणि आपल्याहून अधिक पाण्यात राहणाऱ्या बांगलादेशाने हा प्रश्न ओळखला. तिथे बुडण्याचे अपघात प्रामुख्याने सकाळच्या, आया कामात गुंतलेल्या असण्याच्या प्रहरात होतात असे दिसल्यावर गावागावांत ‘आँचल’ नावाची केंद्रे निघाली: गावातल्याच एका बाईच्या घरी, एक ते पाच वर्षांची वीस-पंचवीस मुले, नऊ ते एक. बुडून मरणाऱ्या मुलांची संख्या त्यामुळे लक्षणीय घटली. ना मोठी इमारत, ना यंत्र. जागा अंगणाएवढी आणि एका बाईचा रोज. रोवणीच्या सहा आठवड्यांपुरते असे एखादे घर आपल्या प्रत्येक गावात उघडणे एखाद्या ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे मला तरी वाटत नाही.

दिवसभर म्हातारीजवळ वाढल्याचे एक फळ लेकराच्या जिभेवर दिसते. इथल्या झाडीबोलीत ‘ण’ नाही आणि ‘ळ’ही नाही, त्यामुळे पोर ‘पानी’ मागते, आणि ‘डोरा’ दुखतो म्हणून रडते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीचे शब्द वेचून ठेवले, म्हणून ती आता निदान विद्वानांच्या सभेत ताठ मानेने बसते. परंतु पहिलीच्या वर्गात ‘पानी’ची लेखणीने दुरुस्ती होते तेव्हा पोर गोंधळून आईकडे पाहते, आणि आई, जिने स्वतः हीच दुरुस्ती कधी सोसलेली असते, आजीला हळूच म्हणते की त्याच्याशी जरा शुद्ध बोलत जा. आजी काही वेळ बोलतच नाही.

श्रावण सरता सरता रोवणी आटोपते, आणि धानाने नेलेले हात घराला परत मिळतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो तो नेमका याच सुमारास. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा मान झालेला असतो. आज सुताराने घडवलेले, चाकांवर चालणारे लाकडी नंदी सजतात, त्यांच्या गळ्यात माळा पडतात, आणि जेमतेम पाऊल टाकणारी लेकरे दोरी ओढत घरोघर बोजारा, म्हणजे सणाचा खाऊ वा पैसे, मागत फिरतात. नवे कपडे घातलेली आई पोराच्या मागे मागे चालते, नंदी कलंडला की सरळ करते. महिनाभर तिने त्याला उजेडात असे पाहिलेले नसते.

पण त्याआधीची, पोळ्याच्या दिवशीची संध्याकाळ मला अधिक आठवते, कारण ती पिठोरी अमावस्याही असते. काही घरांत आई नैवेद्याचे ताट हाती धरून देवापुढे उभी राहते आणि पाठीमागे न पाहता विचारते, ‘अतीत कोण?’ मागे रांगेने उभी असलेली मुले एकेक करून ‘मी’ म्हणतात आणि प्रसाद घेतात. थोरली म्हणते, मधला म्हणतो. कडेवरच्या धाकट्याला अजून बोलता येत नाही; तेव्हा आई पुन्हा विचारते, आणि त्याला कडेवर घेऊन उभी असलेली म्हातारी त्याच्या वतीने म्हणते, ‘मी.’